भंगारात निघालेलं आभाळ

 

एरवी या वेळेला आपण बचत, कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, पापड-लोणच्याचं पॅकिंग यावर बोलतो. आज बोलायचं आहे एका छंदाबद्दल. ज्यातून एक रुपयाही मिळत नाही, अशा छंदाबद्दल. तारे दाखवणारी जुनी यंत्रं घरच्या घरी दुरुस्त करायची, हा तो छंद. अमेरिका, जपान, युरोप इथं काही माणसं हे काम मोठ्या हौसेनं करतात. आमच्या गटानं त्यातलं अगदी छोटंसं काम केलं. ते कसं केलं आणि त्यातून काय हाती आलं, तेच आज सांगायचं आहे.

आधी तारांगण म्हणजे काय ते पाहू. गोल घुमटाची अंधारी खोली असते, मधोमध एक यंत्र असतं. त्याच्या पोटात दिवा असतो. तो घुमटावर ताऱ्यांचे ठिपके पाडतो आणि यंत्र फिरलं की तारे उगवतात, मावळतात. असं पहिलं यंत्र जर्मनीतल्या झाइस कंपनीनं केलं. १९२३ साली म्युनिक शहरातल्या संग्रहालयात ते पहिल्यांदा दाखवलं. त्यात साधारण ४५०० तारे होते. पण ही यंत्रं फार महाग. शाळा-कॉलेजांना ती परवडायची नाहीत.

मग अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ नावाचे गृहस्थ पुढे आले. मूळचे वर्तमानपत्रात काम करणारे. त्यांनी विचार केला, भिंगं हवीतच कशाला? बारा बाजूंचा एक पोकळ डबा घ्यावा, त्याला ताऱ्यांच्या जागी बारीक भोकं पाडावीत आणि आत एक लहानसा प्रखर दिवा ठेवावा. एवढ्यावर काम भागलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हे यंत्र ५०० डॉलरला विकायला काढलं आणि कितीतरी शाळांत तारांगणं आली. आपल्या पुण्यातही टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं, ते स्पिट्झच्याच यंत्रावर. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ सालचं. तिथं झाइसचं मोठं यंत्र होतं. २००३ साली तिथं संगणकावर चालणारी यंत्रणा आली. जगभर असंच झालं. संगणक आला आणि जुनी यंत्रं अडगळीत गेली. त्यातली काही भंगारात निघाली, तर काही हौशी माणसांनी उचलून घरी नेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं धूड घरी नेऊन करायचं काय? पण घर आणि आभाळ यांचं नातं जुनं आहे. नेदरलँड देशात फ्रानेकर नावाचं गाव आहे. तिथं आयसे आयसिंगा नावाचा लोकर पिंजणारा कारागीर राहायचा. १७७४ ते १७८१ अशी सात वर्षं खपून त्यानं आपल्या राहत्या खोलीच्या छतात सूर्याभोवती फिरणारे ग्रह बसवले. लाकडी चाकं, त्यांना दात म्हणून हातानं घडवलेले खिळे आणि ते सगळं चालवायला लंबकाचं घड्याळ. ते आजही चालू आहे. २०२३ साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आणि जपानमधले ताकायुकी ओहिरा लहानपणी घरीच भोकांचं तारांगण करायचे. मोठेपणी, १९९८ साली, त्यांनी १७ लाख तारे दाखवणारं यंत्र जगापुढं ठेवलं. दोघांचीही सुरुवात घरातल्या एका खोलीतच झाली.

आता आमची गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेनं जुनं सामान काढलं. त्यात फुटबॉलपेक्षा लहान, काळा प्लॅस्टिकचा एक गोळा होता. अंगभर बारीक भोकं, खाली गंजलेलं बूड. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याची किंमत चहाच्या कपाएवढीसुद्धा झाली नसती. आमच्या गटातली एक ताई त्या शाळेत पोषण आहार शिजवते. तिनं तो उचलून मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, हे आम्ही बघू का?" गटाच्या वतीनं आम्ही रीतसर अर्ज दिला. दुरुस्त झाला तर गोळा शाळेचाच राहील, महिन्यातून एक संध्याकाळ गटाला मिळेल, असं लिहून घेतलं. ही कागदाची सवय आपल्याला बचत गटानंच लावली, नाही का?

खर्चाचंही सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. बचतीच्या पैशाला हात लावला नाही. १२ जणींनी २० रुपयांप्रमाणे २४० रुपये काढले. बल्ब, होल्डर, वायर, सेल, मऊ ब्रश आणि पॉलिश पेपर मिळून २१५ रुपये गेले. २५ रुपये डब्यात शिल्लक आहेत. वहीत तसं लिहिलेलं आहे.

दुरुस्ती कशी केली, ते नीट ऐका. तुमच्या घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूला हे लागू पडतं.

पहिलं काम म्हणजे घाई न करणं. खोलण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले. एकेक स्क्रू निघाला तसा मसाल्याच्या डब्यातल्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवला आणि कुठला कुठून निघाला ते कागदावर लिहिलं. आमच्यातली शिवणकाम करणारी ताई म्हणते, मशीन खोलणं सोपं असतं, परत जुळवताना कळतं कोण हुशार.

दुसरं काम सफाईचं. निम्म्या भोकांत धूळ आणि कोळिष्टकं बसली होती. पटकन मनात येतं की सुई घ्यावी आणि टोचावी. तसं अजिबात करायचं नाही. या गोळ्यात भोकाचा आकार म्हणजेच ताऱ्याचं तेज. मोठं भोक असलं की तारा ठळक दिसतो, बारीक असलं की मंद. सुईनं भोक वाढलं तर मंद तारा कायमचा ठळक होऊन बसतो आणि आभाळच चुकतं. म्हणून कोरडा मऊ ब्रश, फुग्याच्या पंपाची हवा आणि शेवटी ओलसर फडका. एवढ्यावर काम झालं. ज्या यंत्राला भिंग असतं तिथं आणखी जपावं लागतं. धूळ आधी फुंकरपंपानं उडवायची, मगच फडका लावायचा. नाहीतर धुळीच्या कणांनी काचेवर ओरखडे येतात. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. म्हणून नवीन बूट-पर्सच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते ना, ती भिंगाच्या डब्यात ठेवावी.

तिसरं काम दिव्याचं. जुना बल्ब गेलेला होता, होल्डर गंजला होता. पॉलिश पेपरनं पत्रे घासले, होल्डर बदलला. पण बल्ब कुठला घ्यायचा, यात एक खुबी आहे. दुधी काचेचा किंवा मोठा बल्ब लावला तर प्रत्येक तारा इडलीएवढा पसरट दिसतो. दिवा जितका बारीक, जणू टाचणीच्या टोकाएवढा, तितका तारा रेखीव. म्हणून साध्या बॅटरीचा, स्वच्छ काचेचा लहान बल्ब घेतला आणि तो गोळ्याच्या अगदी मधोमध येईल असा बसवला.

चौथं काम फिरण्याचं. बुडातलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. दोनच. जास्त तेल उडून भोकांत किंवा भिंगावर गेलं तर केलेली सफाई वाया.

आता सावधगिरीचं बोलू. आमचा गोळा दोन सेलवर चालतो, म्हणून आम्ही निर्धास्त हात घातला. घरच्या विजेवर चालणारं यंत्र असेल तर नियम वेगळे. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते, म्हणून जाणकार माणूस जवळ हवा. अमेरिकेतलं यंत्र तिकडच्या ११०-१२० व्होल्टवर चालतं, आपल्याकडं वीज २३० व्होल्टची. मधे ट्रान्सफॉर्मर न घालता लावलं की धूर निघालाच म्हणून समजा. आणि शाळांतल्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचा हॅलोजन बल्ब उघड्या बोटांनी धरू नये. बोटाचं तेल काचेला लागतं आणि तापल्यावर तिथंच काच तडकते.

गोळा पेटला तो एका शनिवारी संध्याकाळी. समाजमंदिरात पांढऱ्या चादरी बांधून मांडव केला, खिडक्यांना गोणपाट लावलं. पण एक गोष्ट आधी करावी लागली. गोळ्याचं बूड तिकडच्या देशासाठी तिरकं बसवलेलं होतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, हे आपण पृथ्वीवर कुठं उभ्या आहोत त्यावर ठरतं. न्यूयॉर्कच्या बाजूला तो ४० अंशांवर दिसतो, पुण्यात साडेअठरा अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. म्हणजे आपला ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर. आज रात्री आभाळ मोकळं असेल तर मोजून बघा. आम्ही बुडाखाली लाकडी पाचर सारून गोळा आपल्या गावच्या आभाळावर आणला.

दिवा लागला आणि चादरीवर तारे उमटले. सगळ्यात आधी बोलल्या त्या आमच्या आक्का. वय सत्तरीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. "ते बघा बाजलं, आणि त्याच्या मागं तीन चोर." पुस्तकात ज्याला सप्तर्षी म्हणतात ते. मग मृगाचे चार पाय, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, मागं व्याध, असं एकेक आक्काच दाखवत गेल्या. आमची बी.ए.ची पदवी त्या रात्री मागच्या रांगेत बसली होती.

आणि तिथंच एक पेच पडला. आक्का म्हणाल्या, "चोरांतल्या मधल्याच्या जवळ अरुंधती पाहिजे. ती कुठं गेली?" लग्नात नव्या नवरीला दाखवतात ती अरुंधती. वसिष्ठ ताऱ्याशेजारचा बारीक तारा. गोळ्यावर पाहिलं तर तिच्यासाठी भोकच नव्हतं. एवढ्या लहान गोळ्यात सगळे तारे बसत नाहीत, मंद तारे गाळलेले असतात. दोघी-तिघी म्हणाल्या, सुई तापवून एक भोक पाडू, त्यात काय! बाकीच्या म्हणाल्या, नको. ज्यानं केलं त्यानं जसं केलं तसंच राहू द्यावं. पुढच्याला कळलं पाहिजे की मूळची वस्तू कशी होती. खूप वेळ चर्चा चालली. कर्जमंजुरीला झाली नसेल एवढी चर्चा. शेवटी ठरलं, गोळ्याला हात लावायचा नाही. अरुंधती बाहेर अंगणात जाऊन बघायची. चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात, तेव्हा ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. तुम्हीही बघा. कितीजणींनी लग्नात भर दुपारी मांडवात उभं राहून "दिसली, दिसली" म्हटलं होतं, ते आठवेल!

जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणारे सगळेच या पेचातून जातात. बिघडलं ते नीट करायचं, पण नव्यासारखं करायच्या हौसेत जुनं पुसून टाकायचं नाही. बदललेला भाग वेगळा बांधून, चिठ्ठी लावून जपून ठेवायचा. आमचा गंजका होल्डरही एका डबीत ठेवलेला आहे.

दुसऱ्या बैठकीत एका सूनबाईनं विचारलं, "ताई, मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो. मग जूनमध्ये रात्री मृग का दिसत नाही?" शेतकरणीचा प्रश्न! गोळ्यानं त्याचं उत्तर दिलं. एका बॅटरीच्या तोंडाला पिवळा कागद लावून सूर्य केला आणि मृगाच्या डोक्याच्या थोडा वर धरला. गोळा फिरवला तसा सूर्य मावळला आणि त्याच्याबरोबर मृगही मावळला. सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणजे तेव्हा मृग दिवसा, सूर्याच्या उजेडात आभाळात असतो. म्हणून तो रात्री दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो, तेव्हा संध्याकाळी मृग पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. त्या महिन्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ होते, म्हणून महिन्याचं नाव मार्गशीर्ष. कृत्तिकेजवळ पौर्णिमा होते तो कार्तिक. मार्गशीर्षातले गुरुवार आपण वर्षानुवर्षं करतो, पण महिन्याचं नाव आभाळात लिहिलेलं आहे, हे त्या रात्री चादरीवर पाहिलं.

आता लेसरबद्दल बोललंच पाहिजे, कारण याच छंदातली दुसरी शाखा तीच. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेतल्या तारांगणात आयव्हन ड्रायर यांनी 'लेझेरियम' नावाचा लेसरचा खेळ सुरू केला. लेसरचा एक किरण लोलकातून जाऊन त्याचे रंग वेगळे व्हायचे आणि थरथरत्या आरशांवरून घुमटावर पडायचे. दिवाळीत पोरं फुलबाजी गोल फिरवतात तेव्हा आपल्याला अख्खं कडं दिसतं ना, तसाच वेगानं फिरणारा ठिपका तिथं रेघ होऊन दिसायचा. त्या काळची लेसर यंत्रं आज काही हौशी लोक दुरुस्त करतात. पण मैत्रिणींनो, हे काम घरी, शिकल्याशिवाय करण्याचं नाही. त्या वायूच्या नळ्यांना फार मोठ्या दाबाची वीज लागते. काही नळ्यांत बेरिलियम ऑक्साइड नावाचा चिनीमातीसारखा भाग असतो. तो फुटून त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसं खराब होतात. भंगार वेचणाऱ्या आपल्या बहिणींनी अशी नळी हाती आली तर फोडू नये.

आणि जुन्यापेक्षा जास्त काळजी नव्या लेसरची. आता वरातीत, मिरवणुकीत डीजेबरोबर लेसर येतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेसरनं डोळे अधू झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, पुण्यासारख्या शहरात पोलिसांनी त्यावर बंदीचे हुकूमही काढले. कारण साधं आहे. डोळ्याच्या आतलं भिंग तो किरण गोळा करून पडद्याच्या एका ठिपक्यावर सोडतं. भिंगानं उन्हात कागद जळतो तसंच. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून पापणी मिटेपर्यंत इजा होऊनही जाते. तेव्हा लेसरच्या समोर उभं राहायचं नाही, कडेवरच्या लेकराचं तोंड आपल्या खांद्याकडं वळवायचं, जत्रेतला लेसर पॉइंटर खेळणं म्हणून आणायचा नाही. डोळ्यापुढं काळा ठिपका राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. आमच्या गटानं ठराव केला आहे की आमच्या घरातल्या लग्नात लेसर लावायचा नाही. तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या.

शेवटचा प्रश्न राहिला. यातून मिळालं काय? एकीच्या मालकांनी विचारलंच होतं, "तारे बघून पोट भरतं का?" आक्कांनी उत्तर दिलं, "पारावर पत्ते खेळून भरतं का?" हसण्यावारी गेलं, पण प्रश्न खरा आहे. बाईचा प्रत्येक तास कामात किंवा कमाईत मोजला जातो. शिवण शीक, कारण पैसे मिळतील. कोंबड्या पाळ, कारण पैसे मिळतील. ते हवंच, आम्ही तेच काम करतो. पण नुसतं कळावं म्हणून, बघावं म्हणून, आवडतं म्हणून काही करायला तिला आठवड्यातले दोन तास नसावेत का? आम्ही शनिवारचे दोन तास काढले. त्यासाठी एकीनं दुसरीची लेकरं सांभाळली, एकीनं चौघींचं दळण आणलं. वेळ आपोआप मिळाला नाही, वाटून घ्यावा लागला.

आणि मिळालं ते असं. स्क्रू ड्रायव्हर कधी हातात न घेतलेल्या बायका आता घरातल्या मिक्सरची वायर तुटली का ते प्लग काढून स्वतः बघतात. नववीतली एक पोरगी गोळा कसा केला असेल त्याची चित्रं काढत बसते. सहावीतला एक मुलगा आईला विचारतो, "आता शनिवार कधी?" आणि ज्या आक्कांना गावानं कधी काही विचारलं नव्हतं, त्यांच्या शेजारी आता पोरं दाटीनं बसतात.

तुमच्या गावी तारांगणाचा गोळा नसेल. नसू द्या. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, बुडाला मृगाच्या आकारात खिळ्यानं बारीक भोकं पाडा, अंधाऱ्या खोलीत आत बॅटरीचा लहान बल्ब लावा. भिंतीवर मृग उमटेल. पत्र्याच्या कडा लागतात, म्हणून भोकं मोठ्यांनीच पाडा. आणि शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या अडगळीत एखादं जुनं यंत्र दिसलं, तर भंगारवाला यायच्या आत एकदा विचारा, हे आम्ही बघू का? पुढच्या वेळी गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोलू. तोवर तुमच्या अंगणातून ध्रुवतारा किती मुठी वर दिसतो, ते मोजून आम्हाला कळवा. नमस्कार.